वहिनीची बंद खोलीतली नोकरी

माझी वहिनी एकोणीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होती. जिन्याखालची बिनखिडकीची खोली, कानाला हेडफोन आणि समोर लुकलुकणारे दिवे. आतले डॉक्टर तिला आवाजाने ओळखायचे, चेहऱ्याने नाही. एकदा जिन्यात तिने एका बड्या सर्जनना ‘नमस्कार सर’ म्हटलं, तर ते दोन पायऱ्या वर जाऊन गर्रकन वळले. "अरेच्चा, त्या तुम्हीच का!" हा किस्सा ती सर्जनचा आवाज काढून सांगायची आणि स्वतःच हसायची.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना दुकानातच स्टुलावरून कोसळला. उजवं अंग गेलं. वाचाही गेली, फक्त एक शब्द तेवढा मागे राहिला: ‘थांब’. पाणी हवं तरी थांब, पाय दुखला तरी थांब, मला दारात बघून आनंद झाला तरी थांब. सूर बदलायचा, शब्द तोच. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. कोणता शब्द वाचेल ते कुणाच्या हातात नसतं.

त्यांना मूलबाळ नाही. मी दोन तासांच्या अंतरावर राहते, पोस्टात खिडकीवर बसते. रविवार सोडून मला हलता येत नाही. दादाजवळ बसायला एक बाई ठेवली, ती आठवड्यात कंटाळली. दुसरी त्याला पट्ट्याने खुर्चीला बांधून टीव्ही बघत बसायची. वहिनीने ते पाहिलं आणि तिसरी बाई शोधलीच नाही. सरळ राजीनामा दिला.

"बाहेर जाता येत नाही ना, मग नोकरीच घरी आणू," ती म्हणाली. जणू पिशवीत घालून आणायची वस्तू.

तिने घरबसल्या करायच्या कामांच्या जाहिराती कापून एका वहीत चिकटवल्या. टायपिंगच्या कामाला अर्ज केला, त्याचं उत्तर आलंच नाही. कुठल्याशा कंपनीने कॉम्प्युटरवर परीक्षा घेतली, तीत तिची बोटं मागे पडली. मग तिने शेजारच्या चार मुलांची शिकवणी घेतली. पाढे म्हणून घेताना आतून दादाने ‘थांब!’ अशी हाक मारली की मुलं पाढा अर्धवट सोडून गप्प व्हायची. सुरुवातीला त्यांना गंमत वाटली. मग एका मुलीला रात्री झोपेत भीती वाटू लागली, असं तिची आई दारात उभी राहून, खाली बघत सांगून गेली. पंधरा दिवसांत चौघंही यायची बंद झाली. त्या मुलांचा मला राग आला नाही. मलाही तो शब्द कानात घेऊन बसमध्ये बसवत नसे.

असं वर्ष गेलं. मग पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या एका कंपनीने तक्रारींचे फोन घ्यायला घरून काम करणाऱ्या बायका हव्यात म्हणून जाहिरात दिली. वहिनीची फोनवरच मुलाखत झाली. पलीकडे तिच्या निम्म्या वयाची सुपरवायझर होती. दोन वाक्यं ऐकून ती म्हणाली, "ताई, तुम्ही हे काम आधी केलंय ना? असा आवाज शिकवून येत नाही."

वहिनीने मला पोस्टात फोन केला. "अगं, मिळाली!" खिडकीसमोर रांग होती, तरी माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

अट एकच होती. मागे आवाज येता कामा नये. फोन ध्वनिमुद्रित होतात, तीनदा आवाजाची नोंद झाली की काम बंद. वहिनीने आतल्या खोलीच्या दाराला जुनी रजई ठोकली, फटीत कापड कोंबलं. दादाला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवून, डाव्या हाताशी पाणी ठेवून, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "अहो, मी दर तासाला बाहेर येईन. तेवढा वेळ हाक मारू नका हं. आपल्याला हे काम हवंय." त्याने मान हलवली. त्याला सगळं कळत होतं, हेच तर वाईट होतं.

पहिल्या आठवड्यात दोन नोंदी झाल्या. एक त्याच्या हातून पाणी सांडलं तेव्हा, आणि दुसरी कशाची ते वहिनीला शेवटपर्यंत कळलं नाही. सुपरवायझर चांगली मुलगी होती. म्हणाली, "ताई, तुमचा आवाज फार छान आहे हो. पण घराचा येतो ना."

त्यानंतर मात्र घर चिडीचूप झालं. वहिनीचा जीव भांड्यात पडला. रविवारी मी गेले की कौतुकाने सांगायची, "बघ, किती समजूतदार झालेत."

एका बुधवारी मी अर्धी रजा टाकून अचानक गेले. माझ्याकडे किल्ली होती. दार उघडलं तर दादा खुर्चीत बसलेला, आणि तोंडात हातरुमाल कोंबलेला. त्याने स्वतःच, डाव्या हाताने; वहिनीचं दार वाजलं की काढून टाकत असावा. डोळे लाल झालेले, पँट ओली. रजईपलीकडून वहिनीचा मऊ आवाज येत होता, "आपली अडचण लक्षात आली. काळजी करू नका, मी आहे ना."

मी रुमाल ओढून काढला. दादाने तोंडावर बोट ठेवलं, मग आतल्या दाराकडे बघून जोरजोरात मान हलवली. नको, सांगू नको. मी त्याचे कपडे बदलले, रुमाल धुऊन वाळत टाकला आणि वहिनी बाहेर आली तेव्हा म्हणाले, "सहज आले होते."

का गप्प राहिले मी? इतक्या दिवसांनी तिचा चेहरा फुलला होता म्हणून. आणि खरं सांगायचं तर, तिची नोकरी सुटली की पुढचा विचार मलाच करावा लागला असता म्हणून.

दहा-बारा दिवसांनी फोन चालू असतानाच वहिनीच्या पेनातली शाई संपली. दुसरं घ्यायला ती हेडफोन लावूनच बाहेर आली. दादाचा चेहरा काळानिळा पडला होता. खोकल्याची उबळ आली होती आणि रुमाल आत घट्ट बसला होता. तिने तो उपसून काढला. दादा ओकला, आणि श्वास परत आल्याबरोबर ओरडत सुटला, "थांब! थांब! थांब!"

तिच्या कानात गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अहो बाई, थांबलोच आहे की! अजून किती थांबू?"

तिने हेडफोन काढून जमिनीवर ठेवला आणि दादाचं डोकं छातीशी धरून बसली. संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला. ती मुलगी बिचारी शब्द शोधत होती. वहिनी म्हणाली, "तिसरी नोंद करू नका, मीच सोडते."

मग तिने मला फोन केला. "रुमालाचं तुला माहीत होतं. तू आलीस त्या बुधवारी मी बाहेर आले तेव्हा ह्यांचे कपडे बदललेले होते. दोरीवर रुमालही होता. मला आत्ता उमगलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, त्यांना बोलता येत नाही," ती म्हणाली. "तुला येतं ना?"

दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. रविवारी मी जायचे, दादाची नखं कापायचे, परत यायचे. ती रागावली असती, भांडली असती तर बरं झालं असतं.

आता ती औषधांचे पुठ्ठ्याचे खोके जुळवते. गठ्ठे घरी येतात, जुळवून परत जातात. दादाही डाव्या हाताने घड्या घालतो, वाकड्यातिकड्या. दुपारी त्याचा डोळा लागला की ती त्या उलगडून नीट करते, म्हणजे तेच काम दोनदा. पुठ्ठ्याने बोटांना चिरा पडल्या आहेत. कारखान्यात घड्या घालणारं यंत्र येणार आहे, असं गठ्ठेवाला परवाच सांगून गेला.

गेल्या रविवारी मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. "तुमच्या पोस्टात असं काही असतं का गं, घरी आणून करण्यासारखं?"

"पोस्टाचं काम घरी कसं असेल, वहिनी?"

"विचारून तर बघ."

"बघते," मी म्हणाले.

आज गुरुवार. मी कुणालाही विचारलेलं नाही. कुणाला आणि काय विचारणार?