शेजारच्यांची शेगडी

कुंडी मारून मी शेजारच्यांची मागची काच फोडली, तरी आत खुर्च्यांवर बसलेले दोघं हलले नाहीत. मध्ये फरशीवर बार्बेक्यूची पत्र्याची शेगडी. कोळसे अजून लाल. म्हातारीचे गालही तसेच लाल, रंगवलेल्या बाहुलीसारखे. ते बघून मी हबकले. आमच्या गावाकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवत, पण दार किलकिलं ठेवून. बंद खोलीत कोळसा माणूस मारतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

"अगं, ॲम्ब्युलन्स बोलाव!" मी कुंपणावरून ओरडले.

आमच्या वरच्या खिडकीतून सून म्हणाली, "आई, मी मीटिंगमध्ये आहे! कशाला ओरडताय?"

"मीटिंग गेली खड्ड्यात. शेजारचे मरतायत."

ती अनवाणी धावत आली. फोन लावला आणि माझा दंड धरून ठेवला. "तुम्ही आत जायचं नाही. फोनवर ते सांगतायत, कोणीच आत जायचं नाही." मग मी दुसरी काचही फोडली. गेटपर्यंत जायचे, परत मागे यायचे. "आई, एका जागी थांबा ना, प्लीज." थांबवेना.

दोघं बल्गेरियाची. त्यांची मुलगी इथे ब्रिटनमध्ये, कार्डिफला हॉस्पिटलात सफाईचं काम करते, तिने आणलेली. म्हातारीचं इंग्लिश मोडकं, माझंही मोडकं, म्हणून आमचं जमलं. ती रेडिओच्या कारखान्यात कामाला होती. त्यांचं कम्युनिस्ट सरकार गेलं, कारखाना कोणीतरी विकत घेतला आणि मशिनं भंगारात घातली. "आधी दुकानात सॉसेज नव्हतं," ती सांगायची. "मग सॉसेज आलं, तर पगार नाही. लांबून वास घ्यायचा." आणि हसायची. त्या काळात इमारतीचं हीटिंग बंद पडे, वीज जाई. लोकांनी फ्लॅटमध्येच शेगड्या मांडल्या, खिडकीतून धुराडं बाहेर काढलं, फटींवर खळीने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. कोणी येऊन दुरुस्त करील याची वाट बघणं त्यांनी तेव्हाच सोडलं.

त्या आठवड्यात, ऐन थंडीत, इथल्या घराचं हीटिंग चालवणारा त्यांचा बॉयलर बंद पडला. घरमालकाचा माणूस गुरुवारी येणार होता.

"गुरुवारी," म्हातारा म्हणाला. "कुठल्या वर्षी?"

मी म्हटलं, आमच्याकडे येऊन बसा. ती नवऱ्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, आम्ही यापेक्षा थंडीत राहिलोय. मुलगी कामावर गेल्यावर त्यांनी खिडक्यांना पट्ट्या लावल्या, अगदी नीट, एक फट ठेवली नाही. धुराडं मात्र नव्हतं.

छतावर विषारी वायूचा अलार्म असतो, तो म्हाताऱ्याने आधीच काढून टाकला होता. त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा. "आपलं बोलणं ऐकतं ते," तो म्हणायचा.

मी एकदा टोमणा मारला होता, "तुमचं ऐकून कोणाला काय मिळणार? बटाट्याचा भाव?"

"आमच्याकडेही बायका असंच म्हणायच्या," तो म्हणाला. "मग नवऱ्याला न्यायला सरकारची माणसं यायची." गंमत करतोय की खरं बोलतोय, कळलं नाही. मी विषय सोडून दिला.

अग्निशमनवाल्यांना तो अलार्म खणात सापडला, लोकरी मोज्यात गुंडाळलेला. दोघांना त्यांनी फुटपाथवर आणून निजवलं, तोंडाला मास्क लावले. एकाने म्हाताऱ्याची छाती दाबायला सुरुवात केली, तो थकल्यावर दुसऱ्याने दाबायला घेतली. मी मोजे घालायचे विसरले होते, पाय बधिर झाले होते, तरी घरात जाववेना.

मुलगी युनिफॉर्मवरच धावत आली. तिने मला विचारलं, "दोघं?"

"आई श्वास घेतेय," मी म्हटलं. म्हाताऱ्याबद्दल खोटं सांगायला मला जमलं नाही.

म्हातारी वाचली. म्हातारा नाही.