राख कोणाची, काजळी कोणाची

कोळसा, धरण, गोबर, ऊन, वारा आणि धानाचा कोंडा या सगळ्यांशी ज्याचं घरगुती भांडण आहे असा माणूस आख्ख्या छत्तीसगडात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हा माझ्या पत्रिकेतलाच योग. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, भोपाळहून कार्यालयं उचलून इकडे आणली आणि त्यातल्या टेबलखुर्च्यांबरोबर मीही आलो. त्या दिवसांत राजधानीत भल्याभल्यांना घर मिळत नव्हतं. मामांनी बुढापारा नावाच्या जुन्या वस्तीत, आपल्या भिंतीला भिंत लागून, मला दोन खोल्या मिळवून दिल्या. घरमालक भला होता, पाणी दोन वेळ होतं, तळं जवळ होतं. खोल्यांबरोबर मामाही मिळणार आहेत हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

मामा एका औष्णिक वीजघरात बॉयलरवर फोरमन होते आणि तिथूनच निवृत्त झाले होते. पहिल्या भेटीत त्यांनी मला ना पगार विचारला, ना प्रवास कसा झाला ते विचारलं. चहाचा कप पुढे केला, मी घोट घेईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "सांगा जावईबापू, कशावर झाला?"

"गॅसवर," मी भीत भीत म्हणालो.

"हव, गॅसवर. पण गॅस कुठून आला?" आणि मग समुद्राच्या तळापासून आमच्या गल्लीतल्या हातगाडीपर्यंत त्या गॅसचा प्रवास सुरू झाला. वाटेत किती धूर झाला, किती तेल सांडलं, किती ट्रक लागले हे सगळं सांगून होईस्तोवर चहावर साय धरली. आतून मामींचा आवाज आला, "अहो, त्याले पिऊ तर द्या!" पाठोपाठ मामींचा खोकला आला. तो खोकला ऐकताच मामा वाक्य अर्धं टाकून गप्प झाले आणि तो थांबेपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मामींना दम लागतो हे मला माहीत होतं. जगात कुठेही न थांबणारे मामा त्या एका आवाजाला थांबतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मामांच्या हिशेबी वीज म्हणजे सांगून आलेलं स्थळ. "उजेड तर सगळेच देतात," ते म्हणत, "पाहायला आले की सगळेच पोट्टे गोड हसतात. मागे काय ठेवून जाते ते पाहा." धरणाच्या विजेबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. "देखणी आहे. धूर नाही, राख नाही. पण पाण्याखाली गाव आहे नं, भैया. त्या गावच्या माणसाले विचारा, कशी आहे ते." अणूची वीज म्हणजे फार शिकलेलं, मोठ्या पगाराचं स्थळ, पण जाताना एक पेटी देऊन जाणार आणि सांगणार की हिला पिढ्यान्‌पिढ्या कोणी हात लावायचा नाही. "कोण बसेल तिची राखण करत? तुमचा नातू?" वारा सज्जन, पण नोकरी टिकत नाही. धानाच्या कोंड्यावर चालणारं वीजघर म्हणजे आपल्याच गावचा गरीब पोट्टा, कष्टाळू, पण शेजारणीच्या वाळत घातलेल्या लुगड्यावर राख पाडणारा. ऊन तेवढं त्यांना पसंत होतं. घराणं चांगलं, चारित्र्य स्वच्छ. फक्त त्याच्या बॅटरीत शिसं असतं, ती संगत वाईट. कोळशाबद्दल मात्र ते कधी काही बोलत नसत. मी एकदा मुद्दाम खोदून विचारलं तर म्हणाले, "तो आपल्या घरचा आहे." आणि पेपर उघडून बसले.

घरच्या त्या कोळशाचा अभिमान मात्र त्यांना भारी होता. इतर राज्यांत तासन्‌तास दिवे जात, आपल्याकडे जात नाहीत, याचं सगळं श्रेय ते स्वतःकडे घेत. नागपूरचा कोणी पाहुणा आला की त्याला ते जेवताना सहज विचारत, "तुमच्याकडे लाईट किती वेळ जाते?" पाहुण्याने आकडा सांगितला की मामा हळहळ व्यक्त करत, त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकत आणि पंख्याचं बटण उगाचच एकदा बंद करून पुन्हा चालू करून दाखवत. गल्लीतही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कधी चुकून वीज गेलीच तर लोक वीज कंपनीकडे न जाता मामांच्या ओट्यासमोर येऊन ओरडत, "भैया, का होगे?" आणि निवृत्त मामा आतून ओशाळल्या आवाजात वीज येत असल्याची ग्वाही देत, "आवत हे, आवत हे!"

निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं की निदान आपली चूल तरी कोणाला त्रास न देता पेटली पाहिजे. आधी गोबर गॅस झाला. बुढापाऱ्याच्या गल्लीत गाईंना तोटा नाही, त्यामुळे मामा सकाळी पिशवी घेऊन निघाले की लोकांना वाटे भाजी आणायला निघाले. परसात पिंप पुरलं, त्यावर दुसरं पिंप उपडं घातलं, नळी काढली. गॅस धरला त्या पहिल्या दिवशी त्यावर एक कप चहा खरोखरच झाला आणि तो आम्ही सगळ्यांनी चमच्या-चमच्याने तीर्थासारखा प्यायलो. पण पंडरीच्या बाजारात कापडाचं दुकान असलेले एक शेजारी मुलीचं लग्न काढून बसले होते, आणि नेमक्या वरातीच्या वेळी ते पिंप असं काही ढेकर देऊन उलटलं की घोडा मागे फिरला आणि नवरदेवाला स्कूटरवरून मांडवात न्यावं लागलं. मामा दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले, आणि माफी मागता मागता त्यांनी वधूपित्याला या गॅसचे फायदे समजावून सांगितले.

मग सूर्यचूल आली. आतून काळा रंग दिलेली पेटी, वर काच आणि आरसा. सकाळी तुरीची डाळ ठेवायची आणि ऊन सरकेल तशी पेटी फिरवायची. तेव्हापासून मामांचं सगळं सामाजिक आयुष्य त्या डाळीच्या तंत्राने चालू लागलं. एकदा आम्ही एका ओळखीच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, वातावरण गंभीर, आणि मामा घड्याळ बघून उठले. "मी येतो," ते हळूच म्हणाले, "डाळ फिरवायची आहे." अक्षय तृतीयेला या पेटीत पुरण शिजायला घातलं आणि नेमकं आभाळ आलं. आम्ही पाट मांडून बसलो, मामा गच्चीवरून दर थोड्या वेळाने बातमी देत राहिले, "ढग चालला आहे, उरल्याच्या कारखान्यांकडे चालला आहे!" मामी खाली मुकाट्याने कुकर लावून मोकळ्या झाल्या होत्या. मामा पेटी घेऊन उतरले तेव्हा आमचं जेवण झालं होतं. त्यांनी त्याच कुकरच्या पुरणपोळीचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पाहा. उन्हाचा स्वाद वेगळाच असते." मामींनी कुकर हळूच ओट्याखाली सरकवला. अशा वेळी गप्प राहण्याची आमच्या घराला सवय आहे.

पण हे सगळे खेळ एका बाजूला आणि गच्चीवरचं चुंबक दुसऱ्या बाजूला. त्या वर्षांत रायपूरच्या गच्च्यांवर काळी भुकटी पडायची. रात्री झाडून ठेवलेली गच्ची सकाळी अनवाणी चालून पाहावी तर तळवे काळे. शहराबाहेर उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या भट्ट्या वाढल्या होत्या, सगळं शहर त्यांच्याकडे बोट दाखवत होतं. मामींनी उन्हाळ्यात कुरडया घातल्या की पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर संध्याकाळपर्यंत तीळ पेरल्यासारखे काळे कण. मामा त्या ओल्या कुरडयांवरून एक जुनं चुंबक फिरवत बसत. भुकटी उडून त्याला चिकटली की आनंदाने हाका मारत. "पाहा जावईबापू! लोखंड आहे हे. आमची राख असती तर चिकटली असती काय?" असं त्यांनी मला इतक्यांदा दाखवलं की एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, कोणाचं का असेना, कुरडई तर गेली ना?"

त्यावर ते हसले नाहीत. चुंबक पुसत म्हणाले, "कुरडईचं नाही सांगून राहिलो मी. तुमची मामी रोज हेच खाऊन राहिली नं, श्वासातून. कोणाचं आहे ते कळायले नको?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वीजघरात असताना मामा रोज राखेने भरलेले कपडे घेऊन घरी येत. मामी ते आधी अंगणात झटकत आणि मग हाताने धूत. उभा संसार त्यांनी ती राख झटकण्यात काढला. खोकला त्या राखेचा की उरल्याच्या काजळीचा, एवढी एकच गोष्ट या माणसाला जाणून घ्यायची होती. गॅसची, धरणाची, अणूची सगळी प्रवचनं त्या एका प्रश्नाभोवती फिरत होती. उरल्याचा ठरला तर ते सुटणार होते. मला त्यांची फार दया आली आणि त्यांच्यावर आधीपेक्षा जास्त माया जडली.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून त्यांचे ड्यूटीचे जुने बूट निघाले. मामांनी मला लगेच हाक मारली. बूट त्यांनी वर्तमानपत्रावर उलटे धरून ठोकले, शिवणींतून करडी, पिठासारखी राख पडली. "ही आमची," ते म्हणाले. "अस्सल. आता पाहा, एक कण हलणार नाही." त्यांनी चुंबक फिरवलं.

राखेतून बारीक, काळसर लव उठली आणि चुंबकाला चिकटली. सगळी नाही, पण चिकटली. मामांनी चुंबक धोतराला पुसलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. "हे बिघडलं आहे," ते म्हणाले आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जुन्या स्पीकरचं मोठं चुंबक घेऊन आले. त्याला तर जास्तच चिकटली. कोळशातही लोखंड असतं आणि ते राखेत उतरतं, हे बॉयलरवर आयुष्य घालवलेल्या माणसाला खरं तर माहीत होतं. त्याने ते स्वतःपासून लपवून ठेवलं होतं. मामांनी वर्तमानपत्राची पुडी बांधली, बूट उचलले आणि परसात गेले. त्यानंतर कोणी त्यांना चुंबक फिरवताना पाहिलं नाही. चहा कशावर झाला हेही त्यांनी विचारणं सोडलं, आणि खरं सांगतो, मला चहा बेचव लागू लागला.

त्या थंडीत मामींचा दम वाढला. मी दोघांना माझ्या गाडीतून मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "माताजी, कभी धूल-धुएँ में काम किया है?"

मामा खुर्चीतून अर्धे उठले. "डॉक्टर साहब, मैं बॉयलर पर था. मेरे कपड़े..."

"चूल्हा," मामी मध्येच म्हणाल्या. दम लागत होता तरी आवाज ठाम होता. "मायके में लकड़ी का चूल्हा था. बचपन से मैं ही फूँकती थी. उसी का है."

डॉक्टरांनी मान हलवली. अमुकच कारण आहे असं सांगता येत नाही, म्हणाले. छातीत सगळं एकत्रच साठतं. औषध लिहून दिलं, ओढायचा पंप दिला, आणि जमलं तर स्वच्छ हवेच्या गावी राहा, असं सांगितलं.

परतताना दोघं मागच्या सीटवर बसली. मग मामा म्हणाले, "खोटं काहून बोलली?"

"काय खोटं?"

"तुझ्या मायघरी चूल कुठं होती? गल्लीत सगळ्यात आधी गॅस तुमच्याकडे आला. मी तुले पाहायले आलो तं तुझ्या बापानं आधी मले गॅसच दाखवला. पोट्टी नंतर."

आरशात मला मामी हसताना दिसल्या. हसता हसता खोकल्या, पाणी प्याल्या. मग म्हणाल्या, "तुमचे कपडे मी आपल्या खुशीनं धुतले. त्याचा जबाब डॉक्टरले काहून द्यायचा?" बाटलीचं झाकण लावत म्हणाल्या, "अन्‌ तुमालेही नाही द्यायचा. आता पुरे झालं."

पुढे एक ट्रक काळा धूर सोडत चालला होता. मामांनी हात लांब करून मामींच्या बाजूची काच वर केली आणि ट्रक नजरेआड होईपर्यंत हात काचेवरच ठेवला. मी गाडी चालवत होतो म्हणून बरं, नाहीतर माझे डोळे कोणीतरी पाहिले असते.

पुढे ती दोघं मुलीकडे, कोकणातल्या एका लहान गावी राहायला गेली. जन्मभर छत्तीसगड न सोडलेले मामा दोन ट्रंका घेऊन निमूट गाडीत बसले. तिकडे पावसाळ्यात वीज आठ-आठ दिवस येत नाही, असं ऐकून मी पहिल्याच फोनवर थोडी टिंगल करावी म्हटलं. "काय मामा, लाईट किती वेळ जाते?"

"येते कधी कधी," ते अगदी आनंदाने म्हणाले. "ते सोडा. तुमची मामी आता हसली तरी खोकलत नाही. म्हणून दिवसभर काही ना काही बोलून राहतो मी."