कंबरभर पाणी

तात्या नदी पायाने मोजायचे. सकाळी धोतर खोचून ठरलेल्या खडकापाशी उतरत आणि सांगत, "आज पोटरीला हाय, परवा गुडघ्याला यील." पाटबंधारे खात्याचा नवा इंजिनिअर म्हणून मी ठोकलेली मोजपट्टी दोन दिवसांनी मुकाट्याने तेच सांगे. मला राग यायचा. मी पदवीधर आणि ते मेंढ्या राखणारे.

उन्हाळ्यात नदी आटून एकच डोह उरायचा. त्याला ते स्वतःच्या मेंढ्यांनाही तोंड लावू देत नसत. कोसभर लांबच्या विहिरीवर नेत. मी हसलो तर म्हणाले, "हसा. सगळ्या नदीचं बी हाय त्यात. पूर आला की हितलीच मासळी वर चढती, अंडी घालती."

मग लागोपाठ दोन वर्षं पावसाने दडी मारली. शहर मात्र वाढतच होतं. मी राहायचो त्या पुंडलिकनगरात आमच्या नळाला आठवड्याने पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. टँकरसाठी डोह उपसायचं ठरलं, तसे तात्या आले. "माणसं तहानली, घ्या पाणी. फकस्त कंबरभर राहू द्या." मी शब्द दिला. तसं लिहून वर पाठवलं आणि ते मंजूरही झालं.

पाणी कमरेला आलं त्या दिवशी आमच्या गल्लीचा टँकर रांगेत होता. तात्या मेंढ्या घेऊन विहिरीवर गेलेले. मी पंपाच्या इंजिनवाल्याला म्हणालो, "अजून दोन खेपा होऊ दे." दोनाच्या सहा झाल्या. गल्लीत माझं कौतुक झालं, कुणी चहा पाजला. तिकडे डोहावर तात्या तडफडणारी मासळी घागरीतून विहिरीकडे नेत होते. निम्मी वाटेतच मेली, उरलेली विहिरीत जगली नाही.

पुढच्या पावसाळ्यात नदी दुथडी वाहिली. तात्यांनी मला बोलावून घेतलं. दुपारभर आम्ही खडकावर बसलो. एक मासा वर चढला नाही. गावातली माणसं माझ्याकडे बघून कुजबुजू लागली, तसे तात्या उसळले. "सायबाला बोलू नका! त्यांनी कंबरभर लिहून दिलं व्हतं. वरून हुकूम आला आसंल. व्हय ना, सायेब?"

"हो," मी म्हणालो.

पुढे तात्या वारले. त्यांना खरं सांगायचं राहून गेलं, असं मी बायकोला म्हणतो. राहून कसलं गेलं? खडकावरच्या त्या दुपारनंतर चार वर्षं ते मला दर आठवड्याला भेटत होते.