शेठजींच्या पाणपोईचं पहिलं पाणी

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. मला पाचवा महिना होता आणि तहान अशी लागायची, की कोणी पाण्याचं नाव घेतलं तरी जीभ ओठांवरून फिरायची. मी आणि माझी जाऊ वडनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातला कचरा वेचायला जायचो. पांढरा फुफाटा नाकातोंडात जायचा. घरून नेलेली बाटली दुपारच्या आत संपायची. जिनिंगमध्ये पाण्याची मोठी टाकी होती, पण ती आग विझवायला. कापसाची काळजी होती, आमची नव्हती. जाऊ मुनीमजींना दर आठवड्याला प्यायच्या पाण्याचं सांगायची. ते म्हणायचे, "शेठजीले सांगतो ना बाई." मी नुसती पदर धरून तिच्या मागे उभी राहायची.

अक्षय तृतीयेला जिनिंगच्या मालकांनी, म्हणजे शेठजींनी, हमरस्त्यावर वडिलांच्या नावाची पाणपोई काढली. सहा रांजण, ओला वाळा, मंडप, फोटोवाला. टाळ्या वाजवायला माणसं कमी पडली म्हणून मुनीमजींनी आम्हां बारा बायांना कामावरून उठवून ट्रॉलीत बसवलं. डोक्यावरचा कापूस झटकायलाही सवड दिली नाही.

शेठजी फीत कापायला गेले, तोच त्यांच्या म्हाताऱ्या आईनं त्यांचा हात धरला.

"थांब. पहिलं पाणी खऱ्या तहानलेल्यानं पेलं पाह्यजे. नाई तं ते तुह्या बापाले पोचत नाई."

आता तहानलेला शोधायचा कुठून? पाहुणे सगळे सरबत पिऊन बसलेले. मुनीमजींनी समोरच्या हॉटेलवाल्याला ओढत आणलं. त्यानं पाण्याचा गडवा हातात घेतला आणि मोठ्ठी ढेकर दिली.

म्हातारी म्हणाली, "याले परत न्या."

मग एक ट्रकवाला आणला. तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "माँजी, अभी दो चाय पी है."

शेठजी घड्याळाकडे पाहू लागले. इकडे जावेनं माझ्या पाठीत कोपर खुपसलं.

"जाय ना वं! तुह्यापेक्षा तहानलेली कोन हाय इथं?"

"मले लाज वाटते."

"लाज वाटते तं डोळे मिटून पी."

आणि तिनं मला ढकललंच. मी एकदम म्हातारीच्या पुढ्यात. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं, केसांतल्या कापसाकडे पाहिलं, आणि स्वतः गडवा भरून दिला. मी प्यायले. दुसरा दिला, तोही प्यायले. तिसऱ्याला फोटोवाला फोटो काढायचं थांबवून पाहतच राहिला. चौथा अर्धा झाल्यावर मला भान आलं.

म्हातारीला फार आनंद झाला. "पोचलं! माह्या मालकाले पोचलं! कुठून आली वं माय इतकी तहानून? उन्हात पायी आली का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग कुठून?"

माझा आवाज काही निघेना. बोट मात्र निघालं, आणि ते सरळ शेठजींच्या छातीवरच्या हाराकडे गेलं.

"मंजे?" म्हातारी म्हणाली.

मागून जाऊ ओरडली, "यायच्याच जिनिंगमधून, आजी! आमी साऱ्या तिथल्याच. तहानलेल्याच हाओत."

"काऊन रे?" म्हातारी लेकाकडे वळली. "घरच्या बाया कोरड्या ठेवून तू रस्त्याले पाणी पाजून राह्यला?"

"बाई, तिथं टाकी हाय ना," शेठजी हळूच आईला म्हणाले.

"हाय ना," जाऊ म्हणाली. "हिरवी हाय. बेडकं सुखात हायेत."

पाहुण्यांमध्ये कोणीतरी फसकन हसलं. म्हातारी मात्र हसली नाही. "दोन रांजण ट्रॉलीत ठेवा. आधी तिकडं पाणी भरा, मंग फीत कापजो."

शेठजी हातात कात्री धरून उभे, आणि मुनीमजी रांजण उचलतात, असा तो फोटो नंतर कोणी लावला नाही.

म्हातारीनं वेगळा माणूस लावून रोज ते दोन रांजण भरून घेतले. चार दिवसांनी शेठजींनी त्यांच्यावर पाटी लावली, रांजणापेक्षा मोठी. मी चौथी शिकलेली म्हणून बायांनी मला वाचायला लावलं. वडिलांचं नाव होतं, त्याखाली शेठजींचं, आणि खाली 'गरिबांसाठी मोफत'.

"मोफत?" जाऊ म्हणाली. "आपन काम तं मोफत करत नाई. मंग पाणीच कसं मोफत?"

तिचं खरंच होतं. मजुराला पाणी देणं म्हणजे दान थोडंच असतं? पण पाटी काढा म्हणून भांडलो असतो, तर रांजणही गेले असते, आणि मला अजून चार महिने काढायचे होते. एवढं मात्र मी केलं: 'गरिबांसाठी' या शब्दावर ओला हात पुसायची सवय लावून घेतली. मग बाकीच्याही पुसू लागल्या. रंग कच्चाच होता. माझी मुलगी झाली तोवर त्या ओळीत नुसतं 'मोफत' उरलं होतं, आणि रांजण भरलेले होते.