कलीम मिस्त्रीने पाहिलेलं मदाईन

पांढरकवड्याला हायवेवर कलीम मिस्त्रीचं गॅरेज होतं, आणि तिथे थांबणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याचा त्याला मनातून हेवा वाटायचा. कोणी मद्रासहून आलेला, कोणी कानपूरला निघालेला, आणि कलीम त्यांच्या गाडीखाली उताणा. अख्ख्या हिंदुस्थानची धूळ त्याच्या तोंडावर पडली, पण तो स्वतः आदिलाबादच्या पुढे कधी गेला नाही.

त्याची आई अकीलाबी त्याच्याही वरताण. माहेर दारव्हा, सासर पांढरकवडा, एवढाच तिचा मुलूख. पण गॅरेजमागच्या खोलीतून चहा पाठवला की दाराआडून ती ट्रकवाल्याला हटकायचीच, "कोण्या गावाहून आला रे बाबा? काय पाह्यलं तिकडं?" गडी सांगायला लागला की मागे चुलीवर कालवण करपलं तरी बाईला पत्ता नसायचा.

मग कपाशीनं दगा दिला, तोही लागोपाठ. जिनिंगचे पट्टे थांबले, गाठी नेणारे ट्रक आटले आणि कलीमवर माश्या मारत बसायची पाळी आली. शेतकऱ्यांचं काय होत होतं ते निदान पेपरात तरी यायचं, मिस्त्रीच्या रिकाम्या गॅरेजची बातमी कोण छापणार? २००६ साली त्याने सौदीचा रस्ता धरला. अल-उला नावाच्या गावी एका गॅरेजात लागला. पासपोर्ट मालकाच्या कपाटात गेला आणि कलीम पुन्हा गाडीखाली. परदेश म्हणजे काय, तर वरून गळणारं ऑइल तेच, ऊन तेवढं जास्त.

त्या गावाजवळच मदाईन सालेह आहे. हजारो वर्षांपूर्वी लोकांनी तिथे उभे डोंगर कोरून त्यांना दरवाजे काढले. सोबत काम करणारा निजामाबादचा अब्रार एकदा म्हणाला, चल, शुक्रवारी पाहून येऊ. कलीमला आदल्या रात्री झोप लागेना. त्याने घरी फोन लावला.

अम्माने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. "त्या जागेवर खुदाचा कहर उतरला होता, बेटा. पैगंबरसाहेबानं सांगेल हाय, तिथून जाचं तं रडत जाचं. रडू नाही आलं तं जाऊच नये."

"रडीन न अम्मा."

"रडत जाजो. हसू नोको तिथं."

शुक्रवारी कलीमने इस्त्रीचा शर्ट घातला. गाडीत बसल्यापासून त्याने इमानदारीने प्रयत्न केला. अब्बांचा जनाजा आठवला, गॅरेजचं खाली ओढलेलं शटर आठवलं. पण वळण संपलं, उन्हात ते लाल डोंगर आणि त्यातले दरवाजे समोर आले, आणि सगळं दुःख कुठल्या कुठे पळालं. जन्मात पहिल्यांदा तो नुसता पाहायला म्हणून कुठे आला होता. तिथे मोडकं पुष्कळ होतं, पण त्यातलं काहीच कलीमला दुरुस्त करायचं नव्हतं. एका म्हाताऱ्या गोऱ्या पाहुण्याने इंग्रजीत विचारलं, कुठून आलात? कलीम छाती काढून म्हणाला, "यवतमाळ." जणू लंडनच ऐकलं, अशी पाहुण्याने अदबीने मान हलवली. आणि कलीम हसला. असा हसला की डोंगरातून आवाज परत आला. मग एकदम त्याला अम्माचं बोलणं आठवलं, आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

पुढच्या फोनवर अम्माचा पहिला प्रश्न, "काय पाह्यलं रे? कसं होतं?"

"आल्यावर सांगतो, अम्मा."

दर फोनवर तेच. सांगायला बसलं की रडलास का, हे निघणार. आईशी खोटं बोलवत नव्हतं, आणि खरं सांगितलं तर पोराने कहर ओढवून घेतला म्हणून ती झुरत राहणार. समोर बसून, तिचा हात धरून सांगू, असं त्याने ठरवलं. तेवढ्यासाठी त्याने सगळं जपून ठेवलं होतं, कोणत्या दरवाजावर कसा पक्षी कोरलाय तेसुद्धा.

तो घरी यायच्या आधीच अकीलाबीला काविळीने धरलं. कलीमने मालकाच्या हातापाया पडून पाहिलं, पण बदली माणूस आल्याशिवाय पासपोर्ट मिळेना. तो घरी पोचला तेव्हा कबरीवरची माती बसून गेली होती.

घरात शिरल्या शिरल्या त्याने बायकोपाशी, निलोफरपाशी, ते ओकून टाकलं. "मी हसलो होतो तिथं. अम्माले सांगाची हिंमत नाही झाली. माह्या काळजीतच गेली असन ते."

निलोफरने त्याच्या हातातली बॅग घेऊन खाली ठेवली. "त्यायले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"तुमी गेलते त्या जुम्याले नमाज झाल्यावर अम्मा दुपारभर जानमाजवरच बसून रडल्या. मी घाबरली. तं म्हणे, कलीमले कुठी गेलं का खुशीच होते, त्याले काई रडू येणार नाही. त्याच्या वाट्याचं मी रडून घेतो. मंग उठून तोंड धुतलं आन मले म्हणे, चहा मांड."

"मंग दर फोनवर काहून विचारे?"

"काहून म्हंजे? त्यायले आयकाचं होतं. ते दरवाजे कसे हायत, केवढाले हायत. मलेच विचारत राहे, तुले काई सांगतलं का त्यानं?"

कलीमने तोंड उघडलं. दरवाजे आपल्या मशिदीहून उंच हायत, एवढंच तो बोलला. निलोफर पुढे ऐकायला थांबली होती, पण हे सगळं जपून ठेवलं होतं ते अम्मासाठी, आणि त्याला पुढचं काही सांगता आलं नाही.