गळका एल्बो आणि चैत्रगौर

बाळांनो, परवा व्हिडिओवर तुमच्या नव्या फिशटँकला जोडलेल्या पाइपमधून पाणी गालिच्यावर पसरलेलं दिसलं आणि मी हसत सुटले. तुम्ही दोघं रुसलात, हे मला कळलं. तुमच्या फजितीला मी हसले नाही. भोरच्या घरात आम्ही असाच पाइप जोडला होता, त्याची आठवण झाली. ती गोष्ट सांगणारी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून नीट लिहून पाठवते. कुठे अडलात तर आईकडून वाचून घ्या.

सत्तरचं दशक तेव्हा अर्धंअधिक उलटलं होतं. तुमचे पणजोबा, म्हणजे माझे सासरे, आमचे मामंजी, वेल्ह्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन घरी बसले होते. डॉक्टरांनी त्यांना कमी बोलायला आणि कमी चिडायला सांगितलं होतं. यावर उपाय म्हणून त्यांनी पुण्याहून रंगीत मासे आणले, बरणीत घालून, एसटीत मांडीवर धरून. लोखंडी चौकटीत काचा बसवलेली, पत्र्याच्या तळाची टाकी बाहेरच्या खोलीत आली. आमचं घर शाकाहारी. माझ्या सासूबाई, तुमच्या पणजी, दारातच थबकल्या.

"अहो, लोक काय म्हणतील? ह्यांच्याकडे मासे आणतात म्हणे!"

"पाहायला आणलेत, खायला नव्हे," मामंजी म्हणाले.

तेवढ्यावर कदाचित निभावलं असतं. पण टाकीतलं घाण पाणी काढायला मामंजी रबरी नळी टाकीत सोडून दुसरं टोक तोंडाने ओढायचे. एकदा ओढ जास्त झाली आणि माशांच्या पाण्याचा घोट सरळ पोटात गेला. सासूबाईंनी तो समोरून पाहिला. त्या दिवसापासून मामंजींचं पान स्वयंपाकघराऐवजी ओसरीवर वाढलं जाऊ लागलं.

"चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गावातल्या बायका येणार," सासूबाईंनी सांगून टाकलं. "तोपर्यंत हा तोंडाचा प्रकार बंद झाला पाहिजे. आणि त्या दिवशी जमिनीवर एक थेंब जरी दिसला, तर हे सगळे मासे नीरा नदीत सोडायचे."

मामंजींचा चेहरा इतका उतरला, की तुमच्या आजोबांनी लगेच कामाला सुरुवात केली. बेत असा होता: टाकीच्या तळाला भोक पाडून तोटी बसवायची, तिच्यापुढे पाइप, मग काटकोनात वळणारा एल्बो, आणि तिथून दुसरा पाइप भिंतीतून परसातल्या केळीपर्यंत. तोटी फिरवली की पाणी केळीला. आजोबांनी पुण्याहून एल्बो आणि चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणला. पाइप आणले मामंजींच्या वेल्ह्याकडच्या एका शेतकरी मित्राने, एसटीच्या टपावर टाकून. त्यांच्या शेतात तेव्हा नुकतेच असे करडे पाइप आले होते.

एक पाइप आखूड पडला, त्याला जोड हवा होता. मी डब्यावरच्या इंग्रजी सूचना वाचून दाखवू लागले: टोक घासा, पुसा, सोल्युशन लावा, जरा पिळून बसवा, रात्रभर हलवू नका.

"आवो वहिनी, ह्ये औषधपानी कशाला?" पाइप घेऊन आलेले पाहुणे म्हणाले. "आमी टोक जाळावर धरतो, मऊ झालं की दुसरा पाइप आत सारतो. लई घट्ट बसतंय. जाळ कुठं हाय?"

"माझ्या चुलीवर नाही हं," आतून आवाज आला.

मग न्हाणीघरातल्या बंबाच्या निखाऱ्यांवर पाइप धरला गेला. असा काही वास सुटला, की शेजारच्या काकू काय जळतंय ते बघायला आल्या आणि मासे बघून गेल्या. जोड मात्र उत्तम बसला. एल्बो आजोबांनी सोल्युशन लावून बसवला. तोही उत्तमच बसला होता. फक्त रात्रभर त्याला कोणी हलवायचं नव्हतं.

आमच्या घरात वाळत घातलेली कुठलीही वस्तू हात न लावता वाळली नाही. पापड वाळला का, दाबून बघा. रंग वाळला का, बोट लावून बघा. मी एल्बोवर पाटी टांगली: 'हात लावू नये.' मामंजींनी पाटी वाचली, मान डोलावली आणि एल्बो हलवून बघितला. "धरतोय," म्हणाले. पाहुण्यांनी जाता जाता एक पीळ दिला, "बगतो जरा." आजोबांनी तो पीळ सरळ केला. शेवटी सासूबाई आल्या. त्यांना वाटलं, कोणी बघत नाही. त्यांनी पदर सावरून एल्बो चांगला हिसडून पाहिला आणि काही निघालं नाही म्हणून निराश होऊन आत गेल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी गौरीची आरास टाकीच्याच कोपऱ्यात मांडली. तो कोपरा दरवर्षी गौरीचा, माशांसाठी सोडायचा नाही, हा सासूबाईंचा हट्ट. मामंजींनी आदल्या दिवशी टाकी धुऊन ताजं पाणी भरलं होतं. आणि बायका यायच्या तोंडावर एल्बोतून थेंब पडला. मग दुसरा. तोटी आणखी घट्ट बंद करायला गेलो तर ती गरागरा फिरे, पण पाणी थांबेना. मामंजी भिंतीला टेकून उभे. सासूबाईंनी देवघरातलं तांब्याचं ताम्हन आणलं आणि गौरीच्या पुढ्यात, थेंबाखाली सरकवलं. त्यात सकाळच्या पूजेची दोन फुलं तशीच होती.

तेवढ्यात पहिल्या पाहुण्या दारात. वेल्ह्याच्या कचेरीतल्या एका साहेबांच्या पत्नी. 'ह्यांच्याकडे मासे आणतात म्हणे' हे वाक्य भर बाजारात खरोखर म्हणून झालेल्या. त्या गौरीसमोर बसल्या, आणि त्यांची नजर ताम्हनावर गेली.

"अगबाई! गौरीला थेंब थेंब अभिषेक! कुठून सुचलं हो तुम्हाला?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला लिहिता येणार नाही. गळतंय म्हणावं, तर ह्या बाई संध्याकाळच्या एसटीने ती बातमी वेल्ह्याला पोचवणार.

"ह्यांनीच केलंय," त्या म्हणाल्या. "मुद्दाम."

बाईंनी एल्बोला हळदकुंकू लावलं. मागून आलेल्या बायकांनीही लावलं. मग बाईंनी ताम्हनात बोटं बुडवली, डोळ्यांना लावली आणि तीर्थ घ्यायला ओंजळ पुढे केली.

"आधी पन्हं!" सासूबाई एवढ्या जोरात म्हणाल्या, की टाकीतले मासे एका कोपऱ्यात गेले. पेला बाईंच्या ओंजळीतच कोंबला गेला. पुढे संध्याकाळभर सासूबाई ताम्हनाशेजारी पाटावर बसून राहिल्या आणि आंब्याची डाळ वाढायला मला एकटीला पळावं लागलं.

सगळ्या गेल्यावर मामंजी आतल्या दारात येऊन उभे राहिले. नीरेवर कधी निघायचं, हे विचारायचा त्यांना धीर होत नव्हता. सासूबाईंनी ताम्हन केळीत रिकामं केलं, चांगलं चिंचेने घासलं आणि परत आल्या.

"पुढच्या वर्षी थेंब बरोबर मधोमध पडला पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि त्या दिवशी पाणी माशांचं नको. वेगळा हंडा लावा."

मामंजी त्या रात्री स्वयंपाकघरात जेवले.

पुढच्याच आठवड्यात आजोबांनी एल्बो कापून नवा बसवला आणि रात्रभर शेजारी खाट टाकून झोपले. तो कधी गळला नाही. दर चैत्रात मात्र वरच्या हंड्यातून थेंब सोडायचं काम मामंजींकडे होतं आणि ते फार मन लावून करत.

मासे गेले, टाकीच्या काचा फुटल्या, घर आम्ही विकलं. परसाकडच्या भिंतीतून बाहेर आलेला करड्या पाइपचा वीतभर तुकडा मात्र अजून तिथे आहे.