या आठवड्यात कुणाची रोवणी

गडचिरोलीच्या गुरुजींचा मेल नेहमी विजेपासून सुरू व्हायचा. ‘इकडे सकाळपासून लाईन नाही. आता आली आहे, केव्हाही जाईल, म्हणून थोडक्यात लिहितो,’ असं म्हणून ते पानभर लिहायचे. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. वाचताना माझं डोकं दुखायचं आणि चिडचिड व्हायची, तरी चंद्रपूरच्या सायबर कॅफेत जाऊन बसले की सगळ्यात आधी मी त्यांचाच मेल उघडायचे.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि उरलेल्या वेळात आम्ही काही जण इंटरनेटवर धंदा करत होतो. धंदा हा शब्द आमचाच, बाकी कुणी त्याला धंदा म्हणायला तयार नव्हतं. आपली एक वेबसाइट काढायची, तिच्यावर काहीतरी लोकांच्या उपयोगाचं लिहायचं, मग एक परदेशी कंपनी त्या पानांवर जाहिराती लावणार. वाचणाऱ्याने जाहिरातीवर क्लिक केलं की आपल्या खात्यात थोडंफार जमा. ठरावीक रक्कम झाली की पोस्टाने चेक. एवढं समजावून सांगेपर्यंत समोरचा माणूस चप्पल घालून उठलेला असायचा. त्या काळात गावोगाव साबण आणि चहापत्ती विकणाऱ्या साखळ्यांचा सुळसुळाट होता. आम्हीही त्यातलेच, आता हिला सभासद करा म्हणणार, असं वाटून ओळखीचे लोक आम्हाला बघून रस्ता बदलायचे.

म्हणून आम्ही एकमेकांना धरून होतो. गुरुजी सामान्य ज्ञानाचे प्रश्न लिहायचे. घुग्घुसचे एक भाऊ सिमेंट कारखान्यात पाळीवर जायचे आणि मोटारसायकलचं ॲव्हरेज कसं वाढवायचं यावर लिहायचे. कॅफेच्या मालकाने वाघांचे फोटो टाकले होते. माझी साइट टायपिंगच्या धड्यांची होती. आणि वडसाच्या एक बाई होत्या. आमचा मेलचा एक ग्रुप होता, त्यात एकाने लिहिलं की सगळ्यांना जायचं. त्यात धंद्याचं कमी आणि कुणाच्या मुलीला ताप आला, घुग्घुसच्या रस्त्यावर किती धूळ आहे, हेच जास्त असायचं. मला त्याचा कंटाळा यायचा, आणि दोन दिवस मेल आला नाही की करमायचं नाही.

रोवणीची कल्पना गुरुजींची. आमच्याकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, असते तेव्हा आज सगळे तुझ्या बांधीत, उद्या सगळे माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असं चालतं. कुणी कुणाला मजुरी देत नाही. गुरुजींनी लिहिलं, आपणही तसंच करू. दर आठवड्याला एकाची रोवणी. सगळ्यांनी त्याच्या साइटवर जायचं, पानं वाचायची आणि जाहिराती उघडून बघायच्या. कंपनीचे नियम होते, लांबलचक, इंग्रजीत. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका, हे त्यात सगळ्यात वर होतं आणि ते आम्ही प्राणपणाने पाळत होतो. दुसऱ्याच्या बांधीत राबण्यात काही खोट असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही. उलट आम्ही ते फार इमानदारीने करायचो. घुग्घुसच्या भाऊंना तर नुसतं क्लिक करून परत येणं बरं वाटायचं नाही. समोरच्याने एवढी जाहिरात दिली, निदान पूर्ण वाचावी, म्हणून त्यांनी विलायतेतल्या घराच्या छपराच्या विम्याची चौकशी केली होती. पुढे कित्येक महिने ती विमा कंपनी त्यांना छपराची ख्यालीखुशाली विचारत होती.

वडसाच्या बाईंची आणि माझी ओळख क्लासमुळे झाली. आमच्या क्लासची तिकडे स्टेशनजवळ एक शाखा होती आणि आठवड्यातून एकदा मी गाडीने तिकडे शिकवायला जायचे. त्या टायपिंग शिकायला आल्या. घर ढिवरांचं, नवरा तळ्याची मासळी बाजारात विकायचा, सासू अजून स्वतः टोपली घेऊन बसायची. मला मॅडम म्हणायच्या, वयाने मोठ्या असून. एकदा मी सहज माझी साइट दाखवली, तर म्हणाल्या, “मले तं सैपाकच येते मॅडम. त्याचं नाई का होत काही?”

मी म्हटलं, होतं की.

कंपनी जाहिराती द्यायची त्या इंग्रजी पानांवरच. म्हणून घुग्घुसच्या भाऊंसारखंच बाईंचंही, त्या सांगायच्या आणि मी इंग्रजी करून टाकायचे. मरळ कशी साफ करायची, झिंगे किती वाळू द्यायचे, अंबाडीची भाजी घालून मासळी कशी शिजवायची. “थोडंसं मीठ” म्हणजे किती, यावरून आमची भांडणं व्हायची, कारण इंग्रजीत मला चमच्याने सांगावं लागायचं आणि बाईंनी जन्मात मीठ चमच्याने घातलं नव्हतं. आपलंच पान त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्या खुर्चीत ताठ बसून ते वरपासून खालपर्यंत बघायच्या, आणि मध्येच बोट ठेवून विचारायच्या, “इथी काय लिवलं?”

घरी हे सगळं संशयाचं होतं. सून खुर्चीवर बसून काय करते, तिथे पंखा आहे म्हणून जाते का, असं सासू चारचौघांत म्हणायची. नवरा वाईट नव्हता, त्याने मधला मार्ग काढला होता. धान कापून होईपर्यंत जा. तोवर कंपनीचा चेक आला तर तो मायला दाखवू आणि पुढे खुशाल जा. नाही आला तर हे काम काही खरं नाही, मग मायच्या जागी बाजारात बसायचं. बाईंना चेकच्या पैशांचं फारसं अप्रूप नव्हतंच. त्यांना तो कागद हवा होता. त्या एकदा म्हणाल्या, “मासळी विकाले लाज नाई वाटत मले. पण हे माहं स्वतःचं आहे ना.”

एक दिवस एका पाकक्रियेखाली कुणीतरी इंग्रजीत दोन ओळी लिहून ठेवलेल्या दिसल्या. नाव नव्हतं. लिहिलं होतं, माझी आजी अशीच मासळी करायची, मी विसरून गेले होते, आभार. मी मराठीत सांगितलं. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, “परत वाचा.” मी परत वाचलं. त्या दिवशी टायपिंग काही झालं नाही. नंतर दर आठवड्याला गेल्या गेल्या त्या मला तेच वाचायला लावायच्या, आणि मी वैतागल्याचं सोंग करून वाचायचे.

धान पिवळं पडायला लागलं तेव्हा बाईंच्या खात्यात चेकपुरतं जमत आलं होतं. नेमकी त्याच आठवड्यात त्यांची रोवणी आली. मी ग्रुपवर सगळी हकिगत लिहिली होती, त्यामुळे सगळ्यांना चेव चढला. गुरुजींनी आपल्या आश्रमशाळेतल्या सहकाऱ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. कॅफेमालकाने प्रत्येक मशिनवर बाईंचंच पान उघडून ठेवलं, येईल त्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, आधी एवढं बघा, मग तुमचं काम. घुग्घुसच्या भाऊंनी पाळी सुटल्यावर चार मित्र मोटारसायकलींवर आणले. धुळीने पांढरे झालेले ते गडी कॅफेत बसून मासळीची पानं उघडत होते आणि जाहिराती मोठ्याने वाचून हसत होते. मला ते सगळे फार आवडले होते. लग्नघर असावं तसं वाटत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी बाईंच्या नावाने कंपनीचा मेल आला. तुमच्या जाहिरातींवर संशयास्पद क्लिक आढळल्यामुळे तुमचं खातं बंद करण्यात येत आहे. जमा रक्कम दिली जाणार नाही. हरकत असल्यास सोबतचा फॉर्म भरावा.

मी तो मेल उभ्यानेच वाचला. मग गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, “घाबरू नका. आपण साक्ष देऊ.”

आता आठवलं की हसावं की डोकं आपटावं कळत नाही. पण तेव्हा आम्हा चौघांनाही ते अगदी बरोबर वाटलं. गावात कुणावर आळ आला तर चार माणसं पुढे होतात आणि सांगतात, आम्ही ह्या बाईला ओळखतो, हिचा यात हात नाही. ऐकणारा ऐकतो. आम्ही तसंच केलं. गुरुजींनी मजकूर सांगितला, मी इंग्रजी केलं. माननीय साहेब, ह्या बाई निर्दोष आहेत. क्लिक आम्ही केले, त्यांना मदत म्हणून, आमच्याकडे तशी रीत आहे. आम्हीही आपल्याच कंपनीचे जुने सभासद आहोत, आमच्याबद्दल आपण खात्री करून घ्यावी. खाली चौघांची नावं आणि चौघांच्या वेबसाइट. घुग्घुसचे भाऊ म्हणाले, “साहेबाले समजंन. तोई माणूसच आहे ना.”

त्या फॉर्मच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही. उत्तर आलं ते एका ओळीचं, निर्णय कायम आहे. आणि त्याच आठवड्यात आमची चौघांचीही खाती बंद झाली. मजकूर तोच, शब्दही तेच, फक्त वरचं नाव वेगळं. मी पुन्हा फॉर्म भरला. तीच ओळ आली. शब्द बदलून पुन्हा भरला, रागाने भरला, विनवणी करून भरला. तीच ओळ. भांडायला समोर कुणीतरी लागतं. चंद्रपूरच्या कुठल्याही ऑफिसात मी टेबलावर हात आपटून भांडले असते, तेवढी धमक माझ्यात होती. इथे टेबलच नव्हतं.

वडसाला मी बाईंच्या घरी गेले. सासूने पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. मी सांगायला सुरुवात केली. नवरा शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारलं, “तं मंग कंपनीत जाऊन बोलू ना. ऑफिस कुठी आहे? नागपूरले?”

“नागपूरला नाही भाऊ. परदेशात आहे.”

“फोन?”

“फोन नाही.”

“साहेबाचं नाव काय?”

मी म्हटलं, नाव कुणालाच माहीत नाही. मेलखाली नुसतं कंपनीचं नाव असतं.

त्याने बायकोकडे बघितलं. चिडून नव्हे, कीव आल्यासारखं, आणि तेच मला सहन झालं नाही. सासू म्हणाली, “म्हंजे ऑफिस नाई, साहेब नाई, फोन नाई. मंग होतं काय बाई?” टोमणा नव्हता त्यात. ती खरंच विचारत होती. मी एवढी शिकलेली, रोज पोरांना कॉम्प्युटर शिकवणारी, आणि सतरंजीचा दोरा ओढत बसले. मला तिचा राग आला, कंपनीचा आला, गुरुजींचा आला, धान पिकायचं थांबत नाही याचासुद्धा आला. मी पाणी पिऊन घेतलं आणि उठले.

बाई मला स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. गाडीला उशीर होता. प्लॅटफॉर्मवर तांदळाच्या पोत्यांची थप्पी लागली होती, तिच्या सावलीत आम्ही उभ्या राहिलो. पुढच्या सोमवारपासून बाजारात बसणार असल्याचं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, साइट आहे तशीच आहे, पानं कुठे जात नाहीत, आपण दुसरी कंपनी शोधू. त्या हो म्हणाल्या, माझ्या समाधानासाठी.

मग त्यांनी विचारलं, “मॅडम, ते आजीवालं कोनं लिवलं होतं?”

“कुणीतरी वाचणाऱ्याने.”

“आपल्यातल्या कोनी तं नाई ना?”

हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. त्यांच्या डोक्यात तो किती दिवस होता, कोण जाणे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, “नाही हो बाई.” गाडी आली. मी चढले.

चंद्रपूरला परतल्यावर मी एकेकाला विचारलं. घुग्घुसचे भाऊ म्हणाले, “नाई बा, मले कुठी एवढी इंग्रजी येते.” कॅफेमालक नाही म्हणाला. गुरुजींनी फोनवर शपथ घेतली. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी आले. ही माणसं अशी होती की त्यांनी ते लिहिलं नसतं तरी नाही म्हणाली असती, आणि बाईंना बरं वाटावं म्हणून लिहिलं असतं तरी नाहीच म्हणाली असती.

ग्रुप पुढे विरत गेला. वडसाची शाखाही बंद झाली. त्याआधी मी बाजारातून जाताना बाई दिसायच्या, मरळ कापत बसलेल्या. हातातली सुरी बाजूला ठेवून त्या माझी विचारपूस करायच्या, क्लास कसा चाललाय, गुरुजी कसे आहेत. ते आजीवालं परत वाचा, असं मात्र त्यांनी मला पुन्हा कधी म्हटलं नाही.